सॉफ्टवेअर परिषदेचे यजमानपद : शहर कसे ठरते आणि बीड कोठे बसते?

साहित्य संमेलनाचे स्थळ कसे ठरते, हे मराठी वाचकाला परिचित आहे. गावोगावच्या संस्था निमंत्रणे पाठवितात, महामंडळाची स्थळ निवड समिती जागा पाहून येते आणि मग निर्णय जाहीर होतो. सॉफ्टवेअर विकसकांच्या अनेक आंतरराष्ट्रीय परिषदांचे यजमान शहरही साधारण याच रीतीने निवडले जाते. मोठ्या कंपन्या आपल्या परिषदा आपल्या सोयीच्या शहरी भरवितात, तो भाग वेगळा. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदांना मात्र आधी निमंत्रण देणारा कोणी तरी लागतो.

डेबियनचे उदाहरण

या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे 'डेबियन' ही १९९३ मध्ये सुरू झालेली, स्वयंसेवकांनी घडविलेली संगणक कार्यप्रणाली. तिची 'डेबकॉन्फ' ही वार्षिक परिषद २००० साली फ्रान्समधील बोर्दो येथे प्रथम भरली. यजमानपद हवे असलेला स्थानिक गट आपला लेखी प्रस्ताव सर्वांना वाचता येईल असा मांडतो. त्यावर प्रश्न विचारले जातात, इतर शहरांच्या प्रस्तावांशी तुलना होते आणि परिषदेची समिती निर्णय देते. परिषदेआधी काही दिवसांचे कार्यशिबिरही असल्याने शहराला सुमारे पंधरा दिवसांचा पाहुणचार करावा लागतो.

प्रस्तावात काय पाहिले जाते?

पहिला प्रश्न जागेचा. सभागृहे, निवास आणि भोजन एकाच आवारात किंवा पायी जाण्याच्या अंतरावर असावे लागते, कारण खरे काम व्याख्यानांइतकेच रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गप्पांत होते. दुसरा प्रश्न इंटरनेट व विजेचा. शेकडो लोक एकाच वेळी संगणक चालविणार असतात आणि व्याख्यानांचे थेट प्रक्षेपणही होत असते. तिसरा प्रवासाचा. विमानतळ किती दूर आहे आणि पुढचा प्रवास किती सुकर आहे, हे पाहिले जाते. चौथा व्हिसाचा. भारतात परिषदेसाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्याला आयोजकांचे निमंत्रणपत्र लागते आणि आयोजकांना शासकीय परवानग्या वेळेत मिळवाव्या लागतात. पाचवा अंदाजपत्रकाचा व प्रायोजकांचा.

या सर्वांहून निर्णायक असतो तो स्थानिक गट. प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी आधी लहान मेळावे भरविले आहेत काय, दोन वर्षे न थकता काम करतील असे किती जण आहेत, याचे उत्तर समाधानकारक नसेल, तर देखणे सभागृहही उपयोगी पडत नाही.

म्हणूनच या परिषदेच्या यादीत न्यूयॉर्क (२०१०) आहे, तसे मेक्सिकोतील ओआश्तेपेक (२००६) आणि स्वित्झर्लंडमधील सरोवराकाठचे वोमार्कुस (२०१३) हे चिमुकले गावही आहे. लहान गावात सारे एकाच आवारात राहतात, हा तेथे गुणच ठरला. उलट, निवड झाल्याने सारे निभावते असेही नाही. २०२० साठी इस्रायलमधील हैफा निश्चित झाले होते. महासाथीमुळे ती परिषद ऑनलाइन घ्यावी लागली.

कोची, मुंबई, पुणे

भारतात ही परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे झाली. ३५ देशांतील ४७४ जण तिला उपस्थित होते. केरळात मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जुनी आहे. परिषदेपूर्वी नोव्हेंबर २०२२ मध्ये पालक्काड येथे आणि जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूतील विळुप्पुरम या जिल्ह्याच्या ठिकाणी 'मिनी-डेबकॉन्फ' भरली होती. दोन्ही मेळावे अभियांत्रिकी महाविद्यालयांत झाले.

महाराष्ट्रात 'पायकॉन इंडिया' ही पायथॉन भाषेची राष्ट्रीय परिषद २०११ मध्ये पुण्यात झाली. 'ड्रुपलकॉन' ही परिषद आशियात प्रथम भरली ती फेब्रुवारी २०१६ मध्ये, पवईच्या आयआयटीत. २०२६ च्या 'वर्डकॅम्प एशिया'चे यजमानपदही मुंबईला देण्यात आले.

बीडचा हिशेब

या कसोट्यांवर बीड जिल्हा कोठे उभा राहतो? सर्वांत उणी बाजू प्रवासाची. जिल्ह्यात विमानसेवा नाही. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ बीड शहरापासून सुमारे १३० किलोमीटरवर आहे. परळी वैजनाथ हे जुने रेल्वे स्थानक जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे. बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरहून. शेकडो परदेशी पाहुण्यांच्या निवासाची एकत्र सोय, अखंड वीज आणि उन्हाळ्यातील पाणी यांची उत्तरेही सोपी नाहीत. तेव्हा आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी बीडने आजच प्रस्ताव पाठविणे घाईचे होईल.

तथापि पाहुणचाराचा अनुभव जिल्ह्याला नवा नाही. १९८३ साली अंबाजोगाईने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले. व्यंकटेश माडगूळकर त्याचे अध्यक्ष होते. आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या या गावाने संमेलन मागितले आणि ते पार पाडले. तेव्हा बीड शहरात रेल्वे नव्हती.

आज अंबाजोगाई आणि बीड येथे अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते; पण शिकलेली मुले नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात. मुक्त सॉफ्टवेअरचे काम कोठूनही करता येते. ते करणाऱ्यांची ओळख मात्र मेळाव्यांत होते आणि मेळावे दूरच्या शहरांत भरतात. प्रवासभाडे परवडत नाही, तो विद्यार्थी या ओळखीला मुकतो.

त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषदच गावी यावी लागते, असे नाही. विळुप्पुरमसारखा दोन दिवसांचा मेळावा महाविद्यालयाच्या सभागृहात, वसतिगृहाच्या खोल्यांत आणि खानावळीच्या जेवणावर भरू शकतो. त्यासाठी विमानतळ लागत नाही. लागतो तो दरमहा नेमाने भेटणारा, लहान कामे अंगावर घेणारा गट. पुढे कधी मोठ्या परिषदेचा प्रस्ताव लिहायचा झालाच, तर त्यातील पहिल्या प्रश्नाआधी विचारला जाणारा प्रश्न, 'तुम्ही आजवर काय भरविले?', याचे उत्तर त्या गटापाशी तयार असेल.