शारदा कोणी व्हावे?



गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याला आता सव्वाशे वर्षे होऊन गेली. देवलांची इतर नाटके संस्कृतावरून किंवा परकीय नाटकांवरून घेतलेली. 'शारदा' तेवढे सर्वस्वी त्यांचे स्वतःचे. कथा आपणा बहुतेकींना ऐकून ठाऊक आहे. भुजंगनाथ हा श्रीमंत पण जख्ख म्हातारा. त्याला या वयात लग्न करावयाचे आहे. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी त्याच्या गळ्यात बांधावयास निघतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थ. मुलीची आई इंदिराकाकू आतल्या आत जळते, पण घरात तिचे काही चालत नाही. कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडावे म्हणून धडपडतो, आणि अखेर ऐन मांडवात दोन्ही घरचे गोत्र एकच निघाल्याने लग्न मोडते.

येथे मला नेहमी एक वाटत आले आहे. लग्न मोडले ते गोत्र जुळले म्हणून. नवरा आजोबांच्या वयाचा आहे म्हणून नव्हे! मुलीची दया कोणास आली नाही, शास्त्र मात्र आडवे आले. देवलांनी हे जाणूनबुजून केले असावे. भर मांडवातल्या माणसांना त्यांनी न बोलता चपराक दिली आहे.

हेच नाटक आपल्या मंडळाने यंदा करावयाचे ठरविले आहे. नाटक ठरण्यास वेळ लागला नाही, पण कोणी कोणते काम करावे यावर तीन सभा झाल्या तरी बोलणे संपलेले नाही. शारदेच्या कामास नववीत शिकणारी एक मुलगी तयार आहे. आवाज गोड आहे, पाठांतर चोख आहे. परंतु काही वडीलधाऱ्या भगिनींचे म्हणणे असे की, वयात आलेली मुलगी सर्वांसमोर उभी करू नये. हल्ली मोबाइलवर फोटो चार गावांत जातात, उद्या स्थळे येतील तेव्हा त्याचा बोभाटा होईल. त्यापेक्षा भजनात मुरलेली, चाळिशीची कोणी घ्यावी. मुलीची आजी राजी आहे, आई नाही. या वादात पडण्यापूर्वी पूर्वी हे काम कोणी केले ते पाहू.

पूर्वी शारदा ही स्त्री नव्हतीच. सर्व नायिकांची कामे पुरुष किंवा मुलगे करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास 'शाकुंतल' केले व १८८२ साली 'सौभद्र' आणले. त्यातील सुभद्रेच्या कामासाठी भाऊराव कोल्हटकरांचे नाव घराघरांत झाले. त्या आधी विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा गाणे सूत्रधाराकडे असे; सोंगे नुसती त्याच्या गाण्याबरहुकूम वागत. किर्लोस्करांनी प्रत्येक पात्राला स्वतःचे पद दिले. त्यामुळे झाले असे की, नायिका म्हणून जो उभा राहील त्याला रूप तर हवेच, पण त्याहून गळा हवा. आपल्या सभेतला वाद तेव्हापासूनचा आहे म्हणा ना!

'शारदे'चे काम करणाऱ्यांत दोन नावे फार मोठी. पहिले केशवराव भोसले. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेला हा मुलगा स्वदेशहितचिंतक मंडळीत असताना शारदा होत असे, आणि तेव्हा तो खरोखर शारदेच्याच वयाचा होता. त्याच्या तोंडून शारदेचे भय ऐकताना लोकांच्या अंगावर काटा येई असे सांगतात. दुसरे बालगंधर्व. ते १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले आणि आरंभीच्या वर्षांत शकुंतलेबरोबर शारदाही झाले. पुढे १९११ साली 'मानापमाना'तली भामिनी व १९१९ साली 'एकच प्याला'तली सिंधू त्यांनी अजरामर केली. भामिनीसाठी उंची शालू व दागिने, आणि सिंधूसाठी ठिगळे लावलेले लुगडे! बायका त्यांच्या नेसण्याची नक्कल करीत, आणि सिंधूला पाहून पदराने डोळे पुसत. पन्नाशी उलटल्यावरही ते नायिका होतच राहिले, व लोकांनीही त्यांना दुसरे काही होऊ दिले नाही.

याच दोघांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस एकत्र 'मानापमान' केले. तो प्रयोग 'संयुक्त मानापमान' म्हणून प्रसिद्ध आहे. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. एकाच्या ललितकलादर्श मंडळीची दुसऱ्याच्या गंधर्व मंडळीशी चढाओढ, तरी टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे एका रंगमंचावर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव वारले. वयाची अवघी एकतीस वर्षे!

तेव्हा सभेत जे म्हटले जाते की 'कोवळी मुलगी कशाला, गाणारी मोठी बाई घ्या', त्याला बालगंधर्वांचा आधार आहे. आणि 'शारदेचे वय दिसले पाहिजे' म्हणतात त्यांना लहानग्या केशवरावांचा. दोन्ही बाजू जुन्याच आहेत. नवी गोष्ट आहे ती लाजेची. मुलाने मुलीचे काम केले तर ती कला, आणि मुलीने मुलीचे केले तर बोभाटा, हे मला पटत नाही.

स्त्रियांनी नाटकात येणे हे फार सोपे झाले असेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावकर स्त्री संगीत नाटक मंडळीसारख्या केवळ बायकांच्या कंपन्या होत्या व त्यात पुरुषांची कामेही बायकाच करीत. त्यांना समाजाने घराचे दार कधी उघडले नाही, टाळ्या तेवढ्या दिल्या. कमलाबाई गोखले यांनी लहानपणी, १९१३ साली, फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' बोलपटाआधीच्या मुक्या चित्रपटात काम केले, आणि पुढे रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकाही गाजविल्या. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह नाटक मंडळी काढली व त्यात स्त्रीची कामे स्त्रियांनीच करावयाची असे ठरविले. हिराबाई सुभद्रा होत. मंडळी फार वर्षे चालली नाही. कर्ज झाले, आणि ते हिराबाईंनी गाण्याच्या बैठका करून फेडले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे आल्या, तेव्हापासून कुलीन घरच्या स्त्रिया रंगभूमीवर येऊ लागल्या असे मानतात. पुढे जयमालाबाई शिलेदार व त्यांच्या मुली कीर्ती आणि लता यांनी जुनी संगीत नाटके आपल्या काळापर्यंत जिवंत ठेवली. कीर्तीताई २०१८ साली नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. २०२२ साली त्या गेल्या. नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान स्त्रीला प्रथम मिळाला तो १९२८ साली, गिरिजाबाई केळकर यांना. खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड'ला उत्तर म्हणून त्यांनी 'पुरुषांचे बंड' लिहिले होते. हे मला फारच आवडते.

आता दुसरा वाद, भुजंगनाथाचा. हे काम आमच्यापैकी एक थट्टेखोर भगिनी करणार आहेत. पांढऱ्या मिशा, हातात काठी, कमरेत वाक. तालमीत त्या उभ्या राहिल्या की हसून हसून पुरेवाट होते. आपल्याकडे सोंग म्हटले की हसणे आलेच. शहापूरपलीकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवीचे मुखवटे घालून पुरुष नाचतात, तेव्हा मात्र कोणी हसत नाही, हात जोडतात. म्हणजे सोंगात हसावे की भ्यावे हे करणाऱ्यावर आहे. माझ्या सासूबाई तालीम बघावयास येतात. त्यांचे लग्न तेराव्या वर्षी झाले. नवरा मुलगा तरुणच होता, म्हातारा नव्हे. त्या दिवशी सगळ्या हसत असताना त्या म्हणाल्या, "मला नाही हसू येत. मला त्या पोरीच्या ठिकाणी बसल्यागत होतं." सभेत जे तीन वेळा बोलून सुटले नव्हते ते त्यांनी एका वाक्यात सांगितले, असे मला वाटते. पहिल्या अंकात भुजंगनाथाला हसावे, पण मांडवात तो उभा राहिला की हसू आपोआप थांबले पाहिजे. म्हणून वाक कमी, मिशा लहान, आणि आवाज साधा ठेवावा असे माझे मत आहे. देवलांचा भुजंगनाथ स्वतःला तरुणच समजतो. अशा माणसाला वाकून चालण्याची गरज काय?

कोणी म्हणेल, आता असली लग्ने होतात कोठे? कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. अजमेरच्या हरविलास सारडांच्या नावाचा कायदा १९२९ साली झाला व १९३० च्या एप्रिलपासून अमलात आला. त्यात मुलीचे वय चौदा होते. सारडा आणि शारदा, नावांचा हा केवळ योगायोग. १९४९ साली ते पंधरा झाले, १९७८ साली अठरा, आणि २००६ साली नवा, कडक कायदा आला. तरीही दहावीच्या आत शाळा सुटून बोहल्यावर चढलेली एखादी मुलगी प्रत्येकीच्या माहितीत आहे. नवरा म्हातारा नसतो इतकेच. 'स्थळ चांगले आहे, पुन्हा मिळणार नाही' हे कांचनभटाचे बोलणे आहे, आणि ते आपल्याच ओसरीवर ऐकू येते. म्हणून शारदा शाळेतल्या मुलीनेच व्हावे असे मला वाटते. समोर बसलेल्या आयांना तिचे वय दिसावे. चाळिशीच्या बाईने कितीही गोड गायले तरी ते दिसणार नाही. तिच्या आईने तालमीला रोज येऊन बसावे, आणि इंदिराकाकूचे काम त्यांनीच केले तर त्याहून बरे. फोटोंबद्दल त्यांचा धाक खरा आहे; प्रयोगात मोबाइल खिशातच राहतील अशी सूचना आधी द्यावी व दाराशी दोघी भगिनी उभ्या कराव्यात.

राहिली पदे. जुनी नाटके रात्र रात्र चालत, एकेका पदाला तीन तीन वेळा पुन्हा म्हणण्याचा आग्रह होई. बालगंधर्वांच्या साथीला तिरखवाँसाहेबांचा तबला व कादरबक्षांची सारंगी असे. आपल्याकडे भजनी मंडळाची पेटी आणि तबला आहे. 'शारदे'त पदे पुष्कळ आहेत व सर्व घेतली तर पहाट होईल. सिद्धगडाकडून येणारा वारा माघात काय असतो ते मांडवात बसणारीला ठाऊक आहे. तेव्हा भुजंगनाथाची व दीक्षिताची पदे कमी करावीत, शारदेच्या मैत्रिणींची व शारदेची मात्र सोडू नयेत, कारण मुलींचे खरे बोलणे त्यांच्या पदांतच आहे. मोठ्यांसमोर त्या गप्पच असतात. वीज गेली तर थांबू नये. पूर्वीच्या मंडळ्या दिव्यांच्या उजेडात प्रयोग करीत. दोन पेट्रोमॅक्स आधीच भरून ठेवावेत. पडदे रंगविण्याच्या खर्चात पडू नये. मांडव खरा, तोरण खरे, पाट खरे, आणि अंतरपाट कोणाच्या तरी घरचा असावा.

कोदंड आमच्या धाकट्या जाऊबाई होणार आहेत. उंच आहेत, आवाज खडा आहे, आणि कोणाला न भिता बोलण्याची त्यांना सवय आहे. धोतर नेसविण्यास मात्र आमच्या सासऱ्यांनाच बोलवावे लागेल.