मुंतखबापासून मृत्युपत्रापर्यंत

नांदेड-लातूरच्या जुन्या इनामदार घरांत वारसाचा वाद पेटला की पेटीतून बाहेर येतो तो मुंतखब, म्हणजे इनामाच्या सरकारी मंजुरीचा कागद. निजामी अमलात इनामाच्या बाबतीत धन्याची मर्जी पुरेशी नसे. इनामदार वारला की विरासतीची चौकशी बसे आणि वारस सरकार मंजूर करी. मग मृत्युपत्र लिहायचे कशासाठी?

सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, पण विरासत लगेच सुटली नाही. १९५२चा हैदराबाद अतियात (म्हणजे इनामे-देणग्या) चौकशी कायदा तिच्यासाठीच होता. पुढे १९५४च्या कायद्याने इनामांवरच गदा आली.

हिंदू घरांसाठी मोठा बदल घडला १९५६मध्ये. वारसा कायद्याच्या कलम ३०मुळे एकत्र कुटुंबातला आपला अविभक्त हिस्साही मृत्युपत्राने देता येऊ लागला. साधा कागद, सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी ऐच्छिक, तरी केलेली बरी. हीच मोकळीक लेकींना डावलायलाही सोयीची ठरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९४मध्ये महाराष्ट्राने मुलींना जन्मतः हिस्सा दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ती अट २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. आता बाप आपला वाटा कुणालाही लिहून देईल, लेकीचा नव्हे.

मुस्लिम घरांत वसीयतीची मर्यादा साधारणतः एक तृतीयांश.

आणि तलाठ्याकडचा फेरफार? त्याने सातबाऱ्यावर नाव चढते, मालकी सिद्ध होत नाही. मृत्युपत्राच्या खरेखोटेपणाचा वाद दिवाणी न्यायालयातच मिटवावा लागतो.