ताकदीच्या इंजिनाचा जोडीदार

मोटारीच्या ताकदीचा विषय निघाला की बोलणे इंजिनापाशीच घुटमळते. ती ताकद चाकांपर्यंत नेणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गाडीच्या पोटाखाली, नजरेआड राहतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन नुसते ओरडते आणि गाडी मात्र ओढ घेत नाही, तेव्हा कुठे त्याची आठवण होते. हे पुस्तक या नजरेआडच्या यंत्राविषयी आहे, आणि ते वाचायला तुम्ही इंजिनिअर असण्याची मुळीच गरज नाही.

या विद्येचे माहेर अमेरिका. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक दिला, तेव्हा आपोआप गिअर बदलणे ही आरामाची गोष्ट होती. पुढे मोठी व्ही-८ इंजिने आली आणि प्रश्न टिकाऊपणाचा झाला. क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट ७२७ (१९६२), जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० (१९६४) आणि फोर्डचा सी-६ (१९६६) ही त्या प्रश्नाची तीन उत्तरे. तिघांनाही पुढचे गिअर तीनच. त्यांतला ‘४००’ इतका भरवशाचा ठरला की रोल्स-रॉइसने आणि १९७६ मध्ये फेरारीनेही तो आपल्या गाड्यांत बसवला. शर्यतीची गाडी बांधणारे आजही त्याच्याकडे वळतात, यात मला नवल वाटत नाही.

निवड करताना वाचकांनी हॉर्सपॉवरच्या आकड्याने भुलू नये. ६०० हॉर्सपॉवर ७,००० फेऱ्यांना मिळत असतील, तर तिथे टॉर्क साधारण ६१० न्यूटन-मीटर असतो. तेच ४,००० फेऱ्यांना मिळत असतील तर १,०७० च्या आसपास. गिअरबॉक्सच्या शाफ्टला पीळ पडतो तो टॉर्कचा. त्यात गाडी जागेवरून उठताना टॉर्क कन्व्हर्टर हा पीळ दुपटीच्या घरात नेतो. म्हणजे इंजिनाचे ७०० न्यूटन-मीटर आतल्या शाफ्टवर १,४०० होतात, आणि ‘४००’ च्या पहिल्या गिअरच्या २.४८ या गुणोत्तराने बाहेर पडताना जवळजवळ ३,५००. हा हिशेब एकदा स्वतः कागदावर मांडून पाहा; पुढची प्रकरणे सोपी जातील.

गाडीचे वजनही पाहावे लागते. दोनच गिअरचा जुना पॉवरग्लाइड हलक्या ड्रॅग गाडीत उत्तम चालतो, कारण स्वतः फिरण्यात तो फार थोडी ताकद खातो. तोच जड गाडीत घातला, तर गाडी सुरुवातीला रेंगाळते. रोज हायवेवर धावायचे असेल, तर ‘४००’ च्याच घराण्यातला, ओव्हरड्राइव्ह असलेला ४एल८०-ई पाहावा. त्याचा चौथा गिअर ०.७५ चा आहे.

पण गिअरबॉक्सचा खरा वैरी उष्णता. कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळले जाते, तापते, आणि फार तापले की क्लच प्लेटा घसरू लागतात. घसरल्या की आणखी तापतात. म्हणून मोठा ऑईल कूलर ही चैन समजू नका. जळालेला गिअरबॉक्स खोलताना जरूर जवळ उभे राहा. एरवी लालचुटूक असणारे तेल काळपट होऊन येते, त्याला करपट वास असतो, आणि क्लचच्या पोलादी प्लेटांवर निळसर डाग उमटलेले असतात.

व्हॉल्व्ह बॉडीचे प्रकरण पहिल्या वाचनात अवघड वाटेल. ते खुशाल बाजूला ठेवा आणि तेलाच्या प्रकरणापासून सुरुवात करा.