सोळा आणे आणि शंभर पैसे

१ एप्रिल १९५७ रोजी भारतीय रुपयाचे शंभर भाग झाले. आदल्या दिवसापर्यंत त्याचे सोळा आणे, चौसष्ट पैसे किंवा एकशे ब्याण्णव पै होत असत. रुपयाचे मोल बदलले नाही, त्याचे नाव बदलले नाही. बदलली ती त्याच्या पोटातली मोजणी. राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत या घटनेला फार तर एखादी ओळ मिळते. तथापि भाजी घेणारी गृहिणी, मजुरी मोजून घेणारा शेतमजूर, तिकिटे देणारा वाहक आणि उजळणी घोकणारा विद्यार्थी या सर्वांच्या नित्याच्या जीवनात एकाच दिवशी शिरलेली अशी सुधारणा आपल्या इतिहासात दुर्मीळच म्हणावी लागेल. व्यवहार सोपा करणे हा तिचा हेतू होता. तो सोपा होण्यापूर्वी काही काळ अधिकच अवघड झाला, आणि सोपा झाल्यावर त्याबरोबर काही गोष्टी कायमच्या गेल्या. या दोन्ही बाजू ध्यानात घेतल्याखेरीज या स्थित्यंतराचे खरे स्वरूप उमगत नाही.

जुनी पद्धत अडाणीपणातून जन्मली होती, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. तराजूने माल तोलणाऱ्या माणसाला सर्वांत सहज साधणारी क्रिया म्हणजे अर्धे करणे. दोन पारडी समतोल झाली की निम्मे झाले. त्या निम्म्याचे पुन्हा निम्मे केले की पाव. हडप्पा संस्कृतीच्या उत्खननात सापडलेली दगडी वजनेही एक, दोन, चार, आठ, सोळा अशा दुपटीच्या प्रमाणात आहेत. सोळा या संख्येला चार वेळा निम्मे करता येते आणि तरीही पूर्णांक उरतो, शंभराला दोनदाच. आण्याच्या बारा पै केल्यामुळे तिघांत वाटणीही बिनतक्रार होई. ज्या समाजात बहुसंख्य व्यवहार तोंडी होत आणि कागद-लेखणी मूठभरांच्या हाती होती, त्या समाजाला ही रचना सोयीची होती.

मराठी शाळांतील उजळणी या रचनेवर उभी होती. एक ते तीस पाढ्यांवर विद्यार्थ्याची सुटका होत नसे. त्यापुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे असत. 'औट' म्हणजे साडेतीन. देहाला 'औट हात' म्हणणाऱ्या संतवाङ्मयामुळे हा शब्द मराठी मनाला परका नव्हता. हे पाढे म्हणजे निष्कारण छळ, असे त्या वयात वाटणे स्वाभाविक होते. परंतु बाजारात त्यांचे मोल कळे. चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया असल्यामुळे 'जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर' हा हिशेब आपोआप जुळे. शेराचे सोळा छटाक असल्यामुळे जितके रुपये शेर, तितके आणे छटाक. मणाचा भाव कानावर पडताच अडीच शेरांची किंमत तोंडावर येई. नाणे आणि वजन या दोन शिड्यांच्या पायऱ्या एकमेकींशी जुळलेल्या होत्या, हे या पद्धतीचे मर्म होय.

तिचा दोष वेगळ्याच ठिकाणी होता. नावे सर्वत्र सारखी, परंतु त्यांचे अर्थ गावोगाव निराळे. बंगाली मण सुमारे ८२ पौंडांचा, मुंबईचा २८ पौंडांचा आणि मद्रासचा २५ पौंडांचा. शेर कच्चा आणि शेर पक्का. धान्य तोलण्याऐवजी मापाने देण्याची चाल असे तेथे चिपटी, मापटी, शेर आणि पायली यांचे राज्य. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे कोष्टक पाठ असले तरी समोरचे मापटे केवढे, हे ज्याच्या हाती ते असे त्यालाच ठाऊक. 'मापात पाप' हा वाक्प्रचार मराठीत उगाच रूढ झाला नाही. मोठ्या मापाने घ्यावे आणि लहान मापाने द्यावे, या युक्तीचा बळी नेहमी तोच ठरे, ज्याच्यापाशी स्वतःचे माप नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा 'पौतवाध्यक्ष' नेमलेला आहे. म्हणजे या तक्रारीचे वय फार मोठे आहे.

ब्रिटिश राजवटीने एकसूत्रीपणाचे प्रयत्न केले, परंतु ते अर्धवट राहिले. १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण हे प्रमाण बंगालमध्ये ठरले. १८७१ च्या कायद्याने तर किलोग्रॅमइतक्या वजनाचा शेर मान्य केला होता. तो अमलातच आला नाही. १९३९ च्या कायद्याने पुन्हा तोळ्याच्या पायावर प्रमाण वजने निश्चित केली. मधल्या काळात दशमान पद्धतीचा पुरस्कार करणारी मंडळी, विशेषतः कलकत्त्यात, चिकाटीने प्रचार करीत राहिली. स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेने १९४९ मध्ये मेट्रिक पद्धतीची शिफारस केली. १९५५ मध्ये नाणेविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा संमत झाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील अवजड उद्योगांची उभारणी समोर होती; कारखाने एकदा फूट-पौंडांत उभे राहिले की बदलाचा खर्च अनेकपटींनी वाढेल, हा विचार या घाईमागे होता.

येथे फ्रान्सचा दाखला उद्बोधक ठरतो. १७८९ मध्ये तेथील प्रजेने राजापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्यांत मापांच्या गोंधळाची तक्रार होती. क्रांतीच्या सरकारने १७९५ मध्ये मेट्रिक पद्धती कायद्याने आणली. परंतु बाजाराने ती मनावर घेतली नाही. १८१२ मध्ये नेपोलियनला जुन्या नावांची मापे पुन्हा चालू द्यावी लागली, आणि सक्ती प्रत्यक्षात आली ती १८४० मध्ये. भारताने हा मार्ग नाण्यांपासून वजनांपर्यंत काही थोड्या वर्षांत आक्रमिला. ज्या ब्रिटनकडून पौंड-शिलिंगांची सवय येथे आली, त्या देशाने आपले नाणे दशमान केले ते १९७१ मध्ये, म्हणजे भारतानंतर चौदा वर्षांनी.

अडचण सुरू झाली ती रूपांतराच्या अपूर्णांकांतून. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. परंतु सव्वासहाचे नाणे कोठून आणावे? म्हणून निम्मा किंवा त्याहून कमी अंश सोडून द्यावा आणि निम्म्याहून अधिक असल्यास पूर्ण धरावा, असा नियम झाला. त्यानुसार एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस आणि चार आणे म्हणजे पंचवीस. चार वेळा एकेक आण्याची वस्तू घेणाऱ्याने चोवीस पैसे द्यावेत, एकदम चार आण्यांची घेणाऱ्याने पंचवीस. जुन्या एका पैशाचे दोन नवे पैसे, मात्र जुन्या दोन पैशांचे तीनच! रुपया-दोन रुपयांचा व्यवहार करणाऱ्याला या फरकाचे काही वाटत नसे. पैशा-दोन पैशांचे मीठ-मिरची रोज घेणाऱ्याला तो दररोज भोगावा लागे. विक्रेत्याने आण्याचे सहाऐवजी सात पैसे मागितले, तर अशा सोळा खरेदींत रुपयाला बारा पैसे अधिक गेले. सुधारणेच्या संक्रमणाचा भार लहान खरेदीवर सर्वाधिक पडतो, हा धडा या कोष्टकात दडलेला आहे. टपाल खात्याने त्याच दिवशी भारताच्या नकाशाची नवी तिकिटे काढली. त्यांत १३ नव्या पैशांचे एक तिकीट होते. दोन आण्यांचे साडेबारा होतात, हे पाहता अपूर्णांकाने सरकारलाही सोडले नव्हते.

दुसरी अडचण कमी बोलली गेली, पण तीच अधिक खोल होती. नाणी १९५७ मध्ये बदलली. मेट्रिक वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत देशभर स्थिरावली. या मधल्या काळात रुपया शंभराचा आणि शेर सोळा छटाकांचा. रुपया शेर असलेल्या वस्तूचा छटाक एका आण्याला मिळे. तो आता सव्वासहा पैशांचा झाला. दोन शिड्यांच्या जुळलेल्या पायऱ्या निसटल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेले आडाखे एकाएकी निरुपयोगी झाले. पुढे किलो आला, तर तो शेराहून किंचित मोठा. शेर भरतो सुमारे ९३३ ग्रॅम. शेराच्या भावात किलो मागणारे ग्राहक आणि किलोच्या भावात शेर देऊ पाहणारे विक्रेते, या दोघांच्या ओढाताणीला हा थोडासा फरक पुरेसा होता.

तरीही लोकांनी ही सुधारणा स्वीकारली, आणि त्यात केवळ सक्तीचा भाग नव्हता. नव्या नाण्यांवर त्यांची ओळख हिंदीत छापलेली होती: रुपयाचा शंभरावा भाग, पन्नासावा, विसावा, दहावा. नाणेच आपले गणित सांगत होते. दोन पैशांची कड नागमोडी, पाच पैशांचे नाणे चौकोनी, दहा पैशांचे पुन्हा नागमोडी पण मोठे. वाचता न येणाऱ्याच्या बोटांनाही ते ओळखू यावे, अशी ही योजना. 'नवा' हे विशेषण १ जून १९६४ पासून गळून पडले. अपूर्णांकांच्या पाढ्यांचे ओझे हळूहळू शाळेतून उतरले. ज्या मुलाला औटकी कधीच साधली नसती, त्याला आता केवळ दशांशचिन्ह सरकवून बिल तपासता येऊ लागले. हिशेब समजणे ही काही मोजक्या घराण्यांची विद्या उरली नाही, हा या सुधारणेचा खरा लाभ होय.

याच सुमारास झालेली दुसरी सुधारणा तुलनेसाठी पाहण्याजोगी आहे. नवे नाणे येण्याच्या अवघे दहा दिवस आधी, २२ मार्च १९५७ रोजी, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातील सुमारे तीस पंचांगांचा अभ्यास करून शक संवतावर आधारलेली, ठरावीक दिवसांच्या महिन्यांची एक सुटसुटीत पद्धत सुचविली होती. शास्त्रदृष्ट्या ती नाण्याच्या सुधारणेइतकीच नेटकी होती. परंतु राजपत्र आणि आकाशवाणी यांपलीकडे ती फारशी गेली नाही. कारण उघड आहे. पगार, भाडे आणि रजा यांसाठी इंग्रजी तारीख लोकांच्या अंगवळणी पडली होती. व्रते, सण आणि लग्ने यांसाठी तिथी हवी होती. या दोहोंच्या मध्ये तिसऱ्या कालगणनेला जागा नव्हती. नाणे मात्र जुन्याच्या जागी आले, त्याच्या शेजारी नव्हे. जुने काढून न घेता नवे देणारी सुधारणा जीवन सोपे करीत नाही. ती एका ओझ्यावर दुसरे ठेवते.

भाषेने मात्र जुनी नाणी खजिन्यात परत केली नाहीत. पुढेही कित्येक वर्षे पंचवीस पैशांना चार आणे आणि पन्नास पैशांना आठ आणेच म्हटले जाई. खरी गोष्ट आजही सोळा आणे खरी असते, काटकसरी माणूस पै पै जमवतो, नाजूक प्रकृती तोळामासा असते आणि शेराला सव्वाशेर भेटतोच. सराफाच्या पेढीवर तोळा उरला, परंतु तो आता बहुधा दहा ग्रॅमचा. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असतात, बोलण्यात गुंठा असतो; गुंठा आणि आर जवळजवळ सारखे असल्याने हा संसार निभावतो. लोकांनी नवे अर्थ जुन्या शब्दांत ओतून घेतले. कायद्याला जे तुटक दिसते, ते लोकव्यवहार असे सांधून घेतो.

हरवले तेही खरे आहे. मनातल्या मनात पाऊणपट-सव्वापट करण्याचा अभ्यास सुटला आणि त्याबरोबर उत्तर अचूक जुळल्याचा तो लहानसा आनंदही ओसरला. चवली, पावली, अधेली, दिडकी ही नावे शब्दकोशांत गेली. पुढे महागाईने शंभर भागांचेही भाग गिळले. ३० जून २०११ पासून पंचवीस आणि त्याहून कमी पैशांची नाणी चलनातून बाद झाली. ज्या पैशासाठी एवढा खटाटोप झाला, तो हिशेबात उरला, हातात उरला नाही. आता किंमत यंत्र सांगते आणि आकडेमोडीचे श्रम कोणालाच पडत नाहीत.

परंतु सोपेपणाची कसोटी श्रम किती वाचले, ही नसून समज किती जणांच्या हाती आली, ही असते. आण्या-पैंची पद्धत ज्याला येई त्याला ती सहज होती आणि ज्याला येत नसे त्याला परावलंबी करणारी होती. दशमान पद्धतीने ते परावलंबन बऱ्याच अंशी दूर केले. मागितलेली किंमत न पडताळता देऊन टाकणारा माणूस, मग ती मापटे हाती धरणाऱ्याने सांगितलेली असो वा यंत्राने, पुन्हा त्याच जुन्या जागी येऊन उभा राहतो. १९५७ च्या त्या लहान नाण्यांवर रुपयाचा आपला भाग छापलेला होता, तो याच जागेवरून माणसाला हलविण्यासाठी.