घुमटाच्या डावीकडे

आजचा भाग एका आलेखाचा, आणि त्यावर झालेल्या माझ्या फजितीचाही.

एकोणिसाव्या शतकात इंजिनिअर लोक यंत्रातली उष्णता तापमान-एन्ट्रॉपीच्या आलेखावर बघायचे. तिथे उष्णता म्हणजे रेषेखालचं क्षेत्रफळ. ते मोजत बसायचं म्हणजे डोक्याला ताप. १९०४ साली ड्रेस्डेनचे प्राध्यापक रिशार्ड मोलियर यांनी एन्थाल्पीच थेट अक्षावर घेतली. हा शब्द तेव्हा रुळलाही नव्हता! पण क्षेत्रफळाची लांबी झाली. पट्टी लावा, उष्णता वाचा. १९२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिषदेत ठरलं, की एन्थाल्पी अक्षावर असलेल्या आलेखांना मोलियरचं नाव द्यायचं.

फ्रिज-एसीवाल्यांचा दाब-एन्थाल्पी आलेख याच घराण्यातला. मधे घुमट, त्यात द्रव आणि वाफ एकत्र. उजवीकडे नुसती वाफ, डावीकडे सबकूल्ड द्रव. ही डावी बाजू बऱ्याच तक्त्यांत जवळजवळ कोरी दिसते, आणि मी नेमका तिथेच आपटलो.

मी आर-१३४ए चं गणित करणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. कंडेन्सरचा दाब साधारण १० बार, म्हणजे संपृक्त तापमान ४० अंश. द्रव बाहेर पडत होता ३५ अंशांवर. मी दाब बघितला, आडवा घुमटाच्या कडेपर्यंत गेलो आणि २५६ किलोज्यूल प्रतिकिलो लिहून मोकळा झालो. चूक! ते पाच अंश मी गिळूनच टाकले होते.

द्रव दाबाने फारसा दबत नाही, त्यामुळे त्याची एन्थाल्पी ठरते मुख्यतः तापमानावर. म्हणून घुमटात आडव्या असणाऱ्या समतापी रेषा डावीकडे जवळपास उभ्या होतात. मग वाचायचं कसं? घुमटाच्या डाव्या कडेवर ३५ अंश शोधा, तिथून सरळ वर १० बारपर्यंत चढा. खाली अक्षावर वाचा: २४९.

पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये एन्थाल्पी तीच राहते, बिंदू सरळ खाली उतरतो. बाष्पीभवन उणे १० अंशांवर असेल, तर बाहेर पडणाऱ्या संपृक्त वाफेची एन्थाल्पी ३९३. म्हणजे प्रत्येक किलोमागे थंडावा १३७ नाही, १४४. तोच कॉम्प्रेसर, तेवढंच काम, पाच टक्के जास्त थंडावा.

मोलियरनी उष्णता पट्टीने मोजता येईल अशी करून ठेवली. पट्टी कुठे धरायची, हे मात्र आपल्यालाच बघावं लागतं. भेटूया पुढच्या भागात!