जाळेकरी टॅरँटुला (पाळण्यासाठी निवड)

टॅरँटुला : थेराफोसिडी या कुलातील थोराड, केसाळ कोळ्यांना जगभर रूढ झालेले नाव. मूळ नाव इटलीतील तारांतो या नगराच्या परिसरात भूमीवर धावून शिकार करणाऱ्या एका निराळ्याच कोळ्याचे; युरोपीय दर्यावर्दींनी ते नव्या जगातील मोठ्या कोळ्यांना लावले आणि पुढे ते तेथेच कायम झाले. या कुलात एक हजाराहून अधिक जाती असून त्यांतील पुष्कळशा बिळाच्या तोंडाशी चार धागे पसरून स्वस्थ बसणाऱ्या असल्या, तरी काही जाती अशा आहेत की ज्या मुळाला, दगडाला, फांदीच्या बेचक्याला आधार करून पदरावर पदर विणीत राहतात आणि काही आठवड्यांत बोगदे, पडदे व दालने यांचा एक रेशमी वाडाच उभा करतात. या नोंदीत त्यांना जाळेकरी म्हटले आहे. कोळ्याला मराठीत कातीण हा जो जुना शब्द आहे, आणि ज्यात कातण्याचा ध्वनी स्पष्ट ऐकू येतो, तो या जातींना विशेष शोभतो.

बागेतल्या कोळ्याचे चक्राकार जाळे चिकट असते. टॅरँटुलाचे रेशीम तसे नसते. उदराच्या टोकाशी असलेल्या बोटांसारख्या अवयवांतून, आणि जाळेकरी जातींत हे अवयव ठळकपणे लांब असतात, रेशमाची रुंद पट्टी बाहेर पडते; कोळी उदर डावीकडून उजवीकडे झुलवीत ती पट्टी पृष्ठभागावर लिंपतो. पेटीत मातीवर नारळाची अर्धी करवंटी पालथी घातली आणि तिच्याजवळ दोन-तीन काटक्या रोवल्या, तर पहिल्या रात्री करवंटीच्या कडेपासून काटकीपर्यंत विरळ तंतू दिसतात, तिसऱ्या-चौथ्या रात्री त्यांची धुरकट चादर होते आणि पुढे करवंटीचा रंगही ओळखू येत नाही. या चादरीवर झुरळाने पाय ठेवला की त्याचा कंप आत बसलेल्या कोळ्याच्या पायांना कळतो. मंददृष्टी प्राण्याला जाळे हेच डोळे होत.

निवड करताना लोक प्रथम रंग पाहतात. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, निदान रत्नागिरीत तरी, प्रथम पर्जन्यमान पाहावे. ज्या गावी वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत कोसळतो, जेथे आषाढात कपाटातल्या चामडी वहाणांवर हिरवी बुरशी चढते आणि बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, तेथे पेटीतली हवा कोरडी राखणे हे माणसाच्या हातात फारसे राहत नाही. जाळेकरी जातींपैकी ज्या दोन सर्वांत देखण्या म्हणून वाखाणल्या जातात, त्या नेमक्या रुक्ष प्रदेशातल्या आहेत. क्रोमॅटोपेल्मा सायॅनिओप्युबेसेन्स ही व्हेनेझुएलातील पाराग्वाना द्वीपकल्पाच्या काटेरी माळावरची जात. स्ट्रँड याने तिचे वर्णन १९०७ साली केले. निळे पाय, हिरवट पाठ आणि नारिंगी उदर असा तिचा थाट असून ती दिवसाही उघड्यावर वावरते; म्हणून नवशिक्याला ती दिली जाते आणि सामान्यतः ते योग्यच आहे. मात्र कोंदट, न वाळणारी पेटी तिला मानवत नाही. दुसरी मोनोसेंट्रोपस बाल्फोरी. ही सोकोत्रा बेटाची, म्हणजे आपल्याच अरबी समुद्राची रहिवासी. पण जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्याकडे पाऊस होऊन उतरतो तोच त्या बेटावर कोरडा झंझावात होऊन वाहतो, आणि एकाच समुद्रावरचे दोन शेजारी असे परस्परांना परके होतात. या जातीची मादी पिलांना शिकारीत वाटा देते आणि अनेक कोळी एका जाळ्यात गुण्यागोविंदाने नांदतात. स्वजातीयांना सहसा खाऊन टाकणाऱ्या या कुलात हा गुण अपूर्वच होय.

दमट हवेच्या दृष्टीने त्रिनिदाद व व्हेनेझुएला येथील निओहोलोथेले इन्सेई ही लहान चणीची जात अधिक सोयीची. पसरलेल्या पायांसह ती तळहाताहून लहान असते आणि आपल्या मानाने अतोनात रेशीम विणते. आफ्रिकेतील टेरिनोकायलस म्युरिनस ही नारिंगी जात चिवट आहे, कोरड्या-ओल्या दोन्ही हवांत तगते, परंतु तिचा वेग आणि चावण्याची तयारी पाहता ती नवशिक्याने घेऊच नये.

आता स्वदेशी जातीविषयी. कायलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस ही पश्चिम घाटातील जात आर. आय. पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली नोंदवली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिजीवनावरील ग्रंथमालेत त्याचा कोळी-विंचवांवरील खंड निघाला, आणि आपल्याकडील टॅरँटुलांचा अभ्यास आजही त्या दफ्तरापासूनच सुरू करावा लागतो. कात टाकल्यावर हिच्या अंगावर जांभळट झाक येते, उदरावर फिकट-गडद पट्टे दिसतात. दरडीच्या पोकळीपासून बाहेरच्या पाचोळ्यापर्यंत ती रेशमाचे नळ काढते. डिवचल्यास तोंडाजवळच्या काट्यांच्या रांगा घासून सूक्ष्म ध्वनी करण्याची सोय या प्रजातीत आहे. आसामातील तिच्याच एका भाईबंदाला वुड-मेसन याने १८७७ साली या ध्वनीवरूनच नाव दिले. मुसळधार पाऊस, चार महिन्यांची ओल आणि नंतरची दीर्घ उघडीप हे चक्र हिच्या रक्तात आहे. म्हणजे रत्नागिरीच्या हवेत विनासायास तगेल अशी जाळेकरी जात शोधायला सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही; ती सह्याद्रीच्या उतारांवर आहे. पण म्हणूनच ती उचलून आणावी असे मुळीच नव्हे. बीळ फोडून मादी नेली म्हणजे वर्षानुवर्षे अंडी घालणारा जीव त्या दरडीतून जातो आणि नवी मादी तेवढी थोर व्हायला कित्येक पावसाळे लागतात. या जातीची निवड पाहण्यासाठी करावी, पेटीसाठी नव्हे, असे लेखकाचे आग्रहाचे सांगणे आहे.

कायद्याची बाजूही कडक आहे. जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. अशा संरक्षित क्षेत्रातून परवान्याविना कोणताही वन्य जीव नेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा ठरतो. झाडांच्या ढोल्यांत राहणारी पिसिलोथेरिया ही भारत-श्रीलंकेतील प्रजाती २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाच्या यादीत आली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा यादीतील विदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची सरकारदरबारी नोंदणी करणे बंधनकारक झाले. २०२१ च्या जुलैत चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेले एक पुडके उघडले, तेव्हा रुपेरी कागद व कापूस यांत गुंडाळलेल्या छोट्या कुप्यांतून १०७ जिवंत कोळी निघाले. त्यांची परत रवानगी झाली. सबब विकणाऱ्याकडे आयातीचा किंवा देशातच झालेल्या पैदाशीचा दाखला नसेल तर कोळी घेऊ नये.

ज्याच्याकडे रीतसर मिळालेला जाळेकरी कोळी आहे त्याने पेटी उंच घेण्यापेक्षा आधार पुष्कळ द्यावेत. तळाला नारळाच्या सोडणाचा धुतलेला, खारेपणा गेलेला भुसा चार बोटे घालावा. दोन समोरासमोरच्या बाजूंना छिद्रे पाडावीत, म्हणजे पावसाळ्यात हवा खेळती राहते आणि उरलेल्या भक्ष्यावर बुरशी धरत नाही; त्या चार महिन्यांत भुसा मुद्दाम भिजवू नये, पाण्याची वाटी पुरे. जाळे साफ करण्याचा मोह आवरावा. ते जळमट नव्हे, घर आहे, आणि मोडले तर कोळी पुन्हा विणण्यात दिवस घालवतो व खाणे सोडतो. हाताळणे तर सर्वथा टाळावे : क्रोमॅटोपेल्मासारख्या अमेरिकेतील अनेक जाती उदरावरचे खाजरे केस उडवतात, आशिया-आफ्रिकेतील जातींना ते केस नसल्याने त्या चाव्यावर भिस्त ठेवतात आणि त्या चाव्याने सूज व स्नायूंत पेटके येतात. मादी दहा वर्षांहून अधिक जगू शकते. तेव्हा शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबई-पुण्यास जाणाऱ्या मुलाने आपल्यामागे पेटी कोण सांभाळणार हे घेण्यापूर्वीच घरात विचारून ठेवावे.

खाद्याबाबत येथे एक खास सावधगिरी लागते. अंगणातला नाकतोडा फुकट मिळतो, परंतु आंब्याला मोहोर फुटल्यापासून फळ धरेपर्यंत तुडतुड्यांसाठी कलमांवर कीटकनाशकांचे फवारे पाळीपाळीने चालू असतात, आणि त्या बागेतला किंवा तिच्या गडग्यावरचा कीटक कोळ्याला घातला तर ते विष त्याच्याही पोटात जाते. धडधाकट, वाढ पूर्ण झालेला कोळी महिनाभर उपाशी सहज राहतो. त्यामुळे हंगामात बागेतले काही न घालता घरात डब्यात वाढवलेली झुरळे किंवा रातकिडेच द्यावेत, आणि तेही कोळ्याच्या उदराहून आकाराने लहान.