उधारीचे सुटे भाग, आपला सांगाडा

२३ जून १९४२च्या संध्याकाळी आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक खाडी चुकला. ब्रिस्टलच्या खाडीला तो इंग्लिश खाडी समजला आणि फ्रान्समधला आपला तळ आला असं वाटून वेल्समधल्या पेम्ब्रीच्या धावपट्टीवर आरामात उतरला. तळ ब्रिटिश हवाई दलाचा होता. ब्रिटिशांना ते विमान, फॉके-वुल्फ १९०, कधीचं हवं होतं, कारण आकाशात ते त्यांच्या स्पिटफायरला भारी पडत होतं. आता ते आख्खं, न फुटता, पेट्रोलसकट दारात येऊन उभं राहिलं. मग त्याची मोजमापं झाली, फोटो झाले, चाचण्या झाल्या, अहवाल लिहिले गेले.

आज तुम्हाला त्या विमानाचं छोटं मॉडेल करायचं असेल, तर चाकाच्या खोबणीत कुठली नळी कुठून जाते इथपर्यंत माहिती मिळते. तामिया, हासेगावा या जपानी कंपन्यांचे खोके मिळतात. नुसत्या रंगांवर पुस्तकं आहेत.

त्या विमानाचा डिझायनर होता कुर्ट टांक. आणि याच माणसानं नंतर बंगळुरात बसून आपल्यासाठी एक विमान काढलं: एचएफ-२४ मरुत. गेले दीड वर्ष मी त्याचं मॉडेल करायच्या मागे आहे. डिझायनर एकच, पण एका विमानाबद्दल सगळं माहीत आहे आणि दुसऱ्याच्या पोटाचा आडवा छेद कसा दिसतो हे शोधायला मला पाटोद्याहून तीन वेळा पुण्याला जावं लागलं.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी १:७२ या प्रमाणात काम करतो. मरुतची लांबी १५.८७ मीटर आणि पंखांची रुंदी ९ मीटर, म्हणजे माझं मॉडेल साधारण २२ सेंटिमीटर लांब आणि साडेबारा सेंटिमीटर रुंद. आपल्या हाताच्या वितीत मावेल असं. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ७.२ सेंटिमीटर. त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. निबंधात ‘मरुतचा आकार अत्यंत सुबक होता’ असं लिहून पुढे जाता येतं. सनबोर्ड कापताना मात्र कटर कुठे वळवायचा ते ठरवावंच लागतं.

आता मरुतची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत विमानं बनवायला बंदी आली, तेव्हा टांक अर्जेंटिनात गेला. तिथे त्यानं पुल्की-२ हे जेट बनवलं. १९५५मध्ये पेरॉनची सत्ता गेली आणि पुढच्या वर्षी टांक आपल्या काही जर्मन सहकाऱ्यांसह बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये, म्हणजे आजच्या एचएएलमध्ये, दाखल झाला. नेहरूंच्या सरकारला स्वतःचं लढाऊ जेट हवं होतं. तोवर आशियात, रशिया सोडला तर, असं काम फारसं कुणी केलेलं नव्हतं.

मला या कहाणीतला सगळ्यात आवडता भाग १९५९चा आहे. खरं विमान बनवायच्या आधी त्यांनी त्याच आकाराचं, त्याच मापाचं लाकडी ग्लायडर बनवलं. इंजिन नाही. डाकोटा विमानानं ते ओढून वर न्यायचं, सोडायचं आणि हवेत कसं वागतं ते बघायचं. म्हणजे मॉडेलच की, फक्त १:१ प्रमाणात! माझ्या टेबलावरच्या उद्योगाला घरचे ‘खेळणी’ म्हणतात, तेव्हा मी हे उदाहरण देतो. फरक पडत नाही.

१७ जून १९६१ला सुरंजन दास यांनी पहिलं मरुत उडवलं. पण एक घोळ आधीच झालेला होता. टांकनं विमान आखलं होतं ते ऑर्फियस इंजिनाच्या आफ्टरबर्नरवाल्या, जास्त ताकदीच्या आवृत्तीसाठी. ब्रिटिशांनी त्या इंजिनाचा विकास थांबवला आणि त्यासाठी लागणारे पैसे द्यायला भारत तयार झाला नाही. मग साधी ऑर्फियस इंजिनं बसवली, जी छोट्या नॅट विमानात असायची. नॅटला एक, मरुतला दोन. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेलं विमान ध्वनीच्या वेगाच्या आसपासच अडकलं. दुसरी इंजिनं बसवून बघायचे प्रयत्न झाले, एक मरुत तर इजिप्तला पाठवून तिथल्या इंजिनासह उडवलं गेलं. आफ्टरबर्नर लावलेल्या एका चाचणी-विमानाच्या अपघातात १० जानेवारी १९७०ला सुरंजन दास गेले. तरीही एकूण १४७ मरुत बनली, त्यातली १८ दोन आसनी. १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ती लढली. १९९०पर्यंत सगळी निवृत्त झाली.

हा इंजिनाचा घोळ मॉडेल करणाऱ्याला थेट नडतो. ‘मरुत’ अशी ओळ खाली असलेला फोटो सापडला, तर तो नमुना-विमानाचा असेल, चाचणीसाठी शेपटाकडे बदल केलेल्या विमानाचा असेल, नाहीतर स्क्वाड्रनमधल्या रोजच्या विमानाचा. तीन फोटो शेजारी ठेवले आणि शेपटाची जाडी जुळेना, तर दोष कॅमेऱ्याचा नसतो. म्हणून पहिला नियम: फोटो बघायच्या आधी त्यातल्या विमानाचा क्रमांक बघायचा. स्क्वाड्रनमधल्या मरुतांचे क्रमांक ‘बीडी’नं सुरू होतात. (बीड जिल्ह्याचा काही संबंध नाही, पण मला बरं वाटलं.) क्रमांक दिसत नसेल तर तो फोटो भिंतीवर लावायला छान, मोजमापाला नाही.

दुसरा नियम रेखाचित्रांबाबत. वरून, बाजूनं, समोरून अशी तीन बाजूंची चित्रं नेटवर भरपूर आहेत. एका रविवारी मी त्यातली पाच एकाच मापाला आणून एकावर एक ठेवली. तीन चित्रांत कॉकपिटच्या काचेची तीच चूक, त्याच जागी. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच ओळखू येतं: तीन जणांनी एकाच ठिकाणाहून कॉपी-पेस्ट केलेलं असतं. म्हणजे पाच साक्षीदार वाटत होते ते खरं तर तीनच निघाले.

मग मी विमानाचे भाग वेगळे करून यादी केली आणि तिथे एक गोष्ट लक्षात आली, जी दीड वर्ष डोक्यातून जात नाही. वैमानिकाची इजेक्शन सीट: मार्टिन-बेकर, ब्रिटिश. तिची चित्रं मिळतात. चार तोफा: ३० मिलिमीटरच्या एडन, हंटर विमानातही त्याच. फोटो हवे तितके. इंजिन: ऑर्फियस, वर सांगितलंच. पोटातून खाली उतरणारा रॉकेटचा पेटारा: मात्रा कंपनीचा, फ्रेंच, त्यात ५० रॉकेटं. त्याचीही माहिती मिळते. जे जे आपण बाहेरून आणलं, त्या प्रत्येकाचा नीट संदर्भ आहे. सापडत नाही तो फक्त सांगाडा, जो आपण बंगळुरात बनवला. जे आपलं आहे, नेमकं तेच कोरं.

यामागे कट वगैरे नाही. कारण साधं आहे. फॉके-वुल्फ शत्रूच्या हाती लागलं, आणि शत्रू नीट नोंदी ठेवतो. मरुत कुणाच्या हाती लागलं नाही. ते आपल्याच तळांवर राहिलं, जिथे कॅमेरा नेणं म्हणजे गुन्हा. परदेशांत विकलं गेलं नाही, त्यामुळे परदेशी छंदिष्टांनी कुंपणाबाहेर उभं राहून त्याचे फोटो काढले नाहीत. आणि निवृत्त झाल्यावर ते उद्यानांत गेलं.

पुण्यात एरंडवण्यातल्या कमला नेहरू उद्यानात एक मरुत आहे. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक. बंगळूर, दिल्ली आहेच, आणि म्युनिकजवळ श्लाइसहाइमच्या संग्रहालयात एक, टांकच्या मायदेशी. मला परवडणारं पुणं.

मरुतची खरी गंमत त्याच्या कंबरेत आहे. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून पंखांजवळ धड आत घेतलेलं असतं. बाजूच्या फोटोत ती कंबर दिसत नाही. म्हणून मी मोबाइलवर विमानाभोवती फिरत दोनशेच्या वर फोटो काढले आणि त्यांच्यावरून संगणकात त्रिमितीय आकार उभा केला. या तंत्राला पृष्ठभागावर खुणा लागतात: डाग, ओरखडे, रिव्हेट. एकसारख्या चकचकीत रंगावर सॉफ्टवेअर आंधळं होतं. उद्यानातलं विमान सुंदर दिसावं म्हणून वर्षानुवर्षं रंग चढत जातो आणि प्रत्येक थराखाली पत्र्यांच्या जोडरेषा बुजत जातात. मला सगळ्यात चांगला डेटा मिळाला तो जिथे रंगाचे पोपडे निघाले होते तिथे.

“काय मोजताय साहेब? काढून नेणार का काय?” वॉचमन काकांनी विचारलं. मी मोबाइलवर ठिपक्यांचं विमान दाखवलं. त्यांनी ते बोटानं गोल फिरवून बघितलं आणि म्हणाले, “वरून कुठाय?” बरोबर होतं. वरून नव्हतंच. जमिनीवरून पाठ दिसत नाही. पुढच्या खेपेला मी सेल्फी स्टिक घेऊन गेलो.

कंबर मिळाली, पण उंची अडली. अशी विमानं बहुधा टेकूवर उभी असतात, टायरमध्ये हवा नसते, चाकांच्या दांड्यांवर भार नसतो. स्वतःच्या वजनानं ती किती खाली बसायची हे त्यांच्याकडे बघून कळत नाही. मॉडेल टेबलावर ठेवलं की पहिल्यांदा डोळ्यांना खुपतं ते हेच.

याचं उत्तर मला पाटोद्यापासून सहा किलोमीटरवर मिळालं. तिथल्या एका वस्तीवर हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. आपल्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला ‘मेजर’ म्हणतात, तसं त्यांनाही म्हणतात. हवाई दलात मेजर नसतो हे सांगणं त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच सोडलं. ते सांगाड्याच्या दुरुस्तीवर होते, जोधपूरला, मरुतवर.

“फोटो असतील ना काका तुमच्याकडं?”

“फोटो? कॅमेरा नेला असता तर आत टाकलं असतं बाबा.”

रंगाचं विचारलं. माझ्या डोक्यात हिरव्या-करड्या छटांचे क्रमांक होते. ते म्हणाले, “स्टोअरमधून जो डबा यायचा तो लावायचा. उन्हात महिन्याभरात त्याचा रंग दुसराच व्हायचा.” रंगांवरच्या सगळ्या वादांना मला यापेक्षा चांगलं उत्तर मिळालेलं नाही.

मग उंची. ते उठले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि छातीवर आडवा हात ठेवला. पंखाची पुढची कड इथं लागायची. नाकाच्या चाकामागं रॉकेटचा पेटारा खाली उतरलेला असला की असं वाकून जायचं. तेही वाकून दाखवलं. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, गुडघ्याचा त्रास, पण शरीर बरोबर त्या जागी थांबलं, जणू डोक्यावर अजून पत्रा आहे. मी भिंतीवर पेन्सिलनं खुणा केल्या. माणूस पन्नास वर्षांत उंचीनं खचतो, म्हणून त्यांचं डिस्चार्ज बुक मागितलं. त्यात त्यांची भरतीच्या वेळची उंची लिहिलेली होती. तेवढा फरक धरून हिशेब केला. पुण्याच्या ठिपक्यांच्या विमानावर ती उंची बसवली, चाकं तेवढी खाली घेतली, आणि स्क्रीनवरचं मरुत पहिल्यांदा नीट उभं राहिलं. जुन्या फोटोंत उभं असतं तसं, थोडं नाक वर करून.

काकांना स्क्रीन दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “शिडी कुठाय?”

शिडी! मी तिचा विचारच केलेला नव्हता, कारण कुठल्याच रेखाचित्रात ती नसते. त्यांनी पेपरच्या कोपऱ्यावर काढून दिली, आकड्यासकट, जो कॉकपिटच्या कडेला अडकायचा.

इंजिनाच्या बाजूचं मात्र त्यांना विचारू नकोस म्हणाले, ते काम दुसऱ्यांचं. त्यांच्यासोबतचा एक इंजिन फिटर परभणीकडे असतो. त्याचा नंबर त्यांनी जुन्या पंचांगाच्या मागच्या पानावरून वाचून दाखवला. मी लिहून घेतला आणि मोजला: नऊच आकडे. शाई पसरलेली, मधला कुठलातरी एक पुसलेला. नऊ आकड्यांत कुठेही एक आकडा घुसवला तर ९१ वेगवेगळे नंबर तयार होतात. त्यातले सतरा लावून झालेत. एक किराणा दुकानाचा निघाला, दोन बंद होते, आणि एका बाईंनी सगळं ऐकून घेऊन विचारलं, की ते विमान आता उडतं का.